दोरांची खोली

कामिनाता, ११ मार्च

श्री. कियोताका यांस,

तुमचं छापील पत्र मिळालं. अकराही घरांना एकेक मिळालं. वर 'आदरणीय ग्रामस्थ', खाली 'मुख्य सल्लागार, डोंगरगाव कला महोत्सव'. सख्ख्या बहिणीला ग्रामस्थ म्हणून पत्र आलंय हे पाहून शेजारची शिगेनो इतकी हसली की तिची कवळी सुटली. बाबांना अग्नी दिला त्या दिवसानंतर, म्हणजे बावीस वर्षांनी, तुमच्याकडून आलेला हा पहिला कागद. म्हटलं, उत्तर द्यावं.

तुम्ही लिहिता की गाव मरतंय आणि कला त्याला जगवील. गाव मरतंय हे तोक्योहून कळवायची गरज नव्हती. आम्ही इथेच राहतो. चौसष्ट घरांची अकरा झाली, शाळा बंद पडून सतरा वर्षं झाली. छपरावर चढून बर्फ काढू शकेल असा एकच माणूस उरलाय, वस्तीप्रमुख कुबोता. तो अडुसष्ट वर्षांचा आहे आणि त्याला आम्ही 'पोरगा' म्हणतो.

तर तुमची माणसं पोहोचली. अजून छातीएवढा बर्फ आहे आणि ही मंडळी कापडी बूट घालून आली. पहिल्याच दिवशी दोघं घसरून पडले. एक उंच माणूस शाळेच्या पटांगणात तासभर डोळे मिटून उभा होता. शिगेनोला वाटलं त्याला झटका आला, म्हणून ती गरम पाणी घेऊन धावली. तो म्हणाला, "आजी, मी जागेचं ऐकतोय." शिगेनो म्हणाली, "जागा म्हणतेय, आत जा नाहीतर निमोनिया होईल."

त्यांच्यात मिओ नावाची एक मुलगी आहे. एकतीस वर्षांची, योकोहामाची. तिला भाताच्या पेंढ्याचे दोर हवेत, पाच हजार हात. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, "मलाच अजून नीट कळलेलं नाही." पाच हजार हात दोर मागायचा आणि कशाला ते माहीत नाही. आमच्या वेळी असं बोलणारीला वेडी म्हणत, आता कलाकार म्हणतात.

तरी आम्ही सहा बायका रोज शाळेच्या सभागृहात बसून दोर वळतो. तिथे शेगडी पेटलेली असते आणि रॉकेल त्यांचं असतं, म्हणून. माझे हात अजून चालतात. दोर वळणं मला कुणी शिकवलं, तुम्हाला ठाऊक आहे.

आपलं जुनं घर तुम्ही तिला वापरायला दिलंत, हे कुबोताकडून कळलं. थोरल्या मुलाच्या नावावरचं घर आहे, मला विचारायचं कारण नव्हतं. किल्ली माझ्याकडे होती, ती दिली. इतकी वर्षं त्या छपरावरचा बर्फ मी आणि माझ्या नवऱ्याने काढला, तो गेल्यावर कुबोताने. नाहीतर तुम्हाला कलेला द्यायला घर उरलं नसतं, नुसता चौथरा उरला असता.

फुसाए


कामिनाता, २ जून

श्री. कियोताका यांस,

लावणी आटोपली. तुमच्या माणसांनी मदत केली. त्यांनी लावलेली रोपं आम्ही त्यांच्या पाठीमागून पुन्हा लावली, म्हणजे मदत झाली असंच म्हणायचं.

तो ऐकणारा माणूस आता बेडकांचे आवाज भरून घेतोय. नऊ दिवस चिखलात उभा आहे. ते आवाज तो जुन्या टपाल कचेरीत लावणार आणि लोक तिकीट काढून ऐकणार. टपाल कचेरीच्या मागेच बेडूक आहेत, ते फुकट ओरडतात. दुसऱ्या एकाने वरच्या पडीक खाचरात न्हाणीची जुनी पिंपं पुरली आहेत, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्याला तो 'गावाचा श्वास' म्हणतो. कुबोताने त्याला विचारलं, "श्वास घेऊन झाला की पिंपं परत काढणार ना? मला तिथे गवत कापायचं असतं."

एक गोष्ट मान्य करते, उगाच खोटं कशाला. बस दिवसातून एकदाच यायची, आता तीनदा येते. शाळेचं वसतिगृह केलंय. शिगेनो आणि आणखी तिघीजणी तिथे स्वयंपाक करतात आणि भाताचे मुटके, लोणची, डोंगरातल्या भाज्या खाऊ घालतात. तिचा मुलगा सात वर्षांनी घरी आला, आईच्या हाताखाली ताटं विसळायला. ती आता ओठांना रंग लावते, ऐंशी वर्षांची बाई. मी म्हटलं, "कुणासाठी गं?" तर म्हणते, "फोटो काढतात ना, फुसाए. मेल्यावर लावायला एक तरी बरा हवा."

मिओ रोज संध्याकाळी माझ्याकडे येते. मुळ्याचं लोणचं खाते आणि प्रश्न विचारते. पहिल्या दिवशी डाव्या हाताला बसली. मी म्हटलं, "या बाजूला बस, तो कान बंद आहे." कशाने म्हणाली. गालगुंडाने, लहानपणी.

मग म्हणाली, "तुमच्या भावाने सांगितलं, तुमचे वडील पंचक्रोशीत सगळ्यात चांगले दोर वळायचे."

"वळायचे."

"कसे होते ते?"

"बारीक आणि घट्ट."

"दोर नाही हो, वडील."

मी तिच्या ताटात आणखी लोणचं वाढलं.

बाबांच्या दहनाच्या दिवशी तुम्ही भाषण केलं होतं ते मला आठवतंय. काळा सूट, हातात कागद. कष्टाळू, अबोल, हिमासारखे शुद्ध. लोकांनी रुमाल काढले. मी नऊ वर्षं त्यांचं हगणंमुतणं काढलं होतं, त्यामुळे मला रडू आलं नाही, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. बायका म्हणाल्या, दुःखाने गेली. तुम्ही चारच्या बसने परत गेलात.

या मुलीला तुम्ही काय सांगितलंय, ते मला माहीत नाही. पण ज्या उत्साहाने ती विचारते, त्यावरून तो काळा सूट पुन्हा बाहेर निघालेला दिसतोय.

फुसाए


कामिनाता, २९ जुलै

कियोताका,

'तुम्ही' संपलं. कालपर्यंत तुझा मान ठेवला, आता तेवढं त्राण नाही.

काल उद्घाटन झालं. तू येणार म्हणून कुबोताने बसथांब्यावर कागदी फुलं लावली होती. मुख्य सल्लागारांना दुसरीकडे महत्त्वाचं काम निघालं. तुझा संदेश वाचून दाखवला. फुलं पावसात विरघळली.

मग सगळ्यांना आपल्या घरात नेलं. मी चार महिन्यांत आत पाऊल ठेवलं नव्हतं. मिओ म्हणायची, "शेवटी बघा, तुम्हाला एकदम दाखवायचंय." तिने डोळ्यांत तेल घालून काम केलंय, हे दिसतं. मधल्या दोन खोल्यांमधली भिंत काढलीय. तुळयांपासून जमिनीपर्यंत दोर सोडलेत, शेकडो, इतके दाट की हाताने बाजूला सारत चालावं लागतं. आम्ही वळलेले दोर. त्यातले सातशे-आठशे हात माझे. शेवटच्या भिंतीवर बाबांचा फोटो, दहनाच्या दिवशी लावला होता तो, मोठा केलेला. त्याखाली एक लाकडी फलक, त्यावर तुझा मजकूर कोरलेला.

'माझ्या वडिलांपाशी शब्द नव्हते, दोर होते. त्या दोरांनी त्यांनी आमचं घर बांधून ठेवलं. आजही हाताला पेंढ्याचा स्पर्श झाला, की मला त्यांची माया आठवते.'

तीन वेळा वाचलं. तुला वाचता-लिहिता येतं याचा मला लहानपणी अभिमान होता.

कियोताका, तो दोर बाबा आधी बादलीत भिजवायचे. कोरडा दोर फक्त ओरखडतो, ओला बसतो. बादली दाराच्या उजव्या अंगाला असायची. पाणी ओतल्याचा आवाज आला की आई आपल्या दोघांना पाठीमागे घ्यायची. ती गेल्यावर पाठीमागे घ्यायला तू होतास, आणि मग तूही नव्हतास. हे मी तुला कशाला सांगते. तुझ्या पाठीवर खुणा असतील की. का तोक्योत त्याही काढून मिळतात?

काल लोक त्या दोरांमधून चालत होते. एका बाईने दोर गालाला लावला आणि डोळे मिटले. म्हणाली, "किती ऊब आहे यात." फोटोपुढे वाकून नमस्कार करत होते लोक, एकामागून एक. एकाने मला ओळखलं, माहितीपत्रकात माझं नाव आहे ना, 'कन्या, आजही गावातच'. त्याने मलाही वाकून नमस्कार केला. "भाग्यवान आहात," म्हणाला.

मी घरी आले. जेवले नाही.

मिओला काही बोलले नाही. तिचा दोष नाही. तिला जे सांगितलं त्यावरून तिने केलंय, आणि प्रामाणिकपणे केलंय, हेच जास्त वाईट आहे. तू कुबोताला फोन कर आणि तो फलक काढायला सांग. दोरांचं काही म्हणत नाही. फक्त तुझे शब्द काढ.

फुसाए


कामिनाता, १७ ऑगस्ट

कियोताका,

तुझं उत्तर काल आलं. पितरांना निरोप द्यायच्याच दिवशी. मी दारात दिवा लावत होते आणि पोस्टमन तुझं पाकीट घेऊन उभा. आईसाठी दिवा लावला. बाबांसाठी गेली बावीस वर्षं लावते, का ते मला विचारू नकोस.

टंकलेखन सुंदर आहे. 'कला म्हणजे पुरावा नव्हे.' 'स्मृतीला अनेक चेहरे असतात.' 'गावाच्या व्यापक हिताचा विचार करता.' एका वाक्यात सांगायचं तर तू घाबरलास. पूर्वी तू घाबरलास की निदान गप्प बसायचास.

आता माझी बाजू ऐक. कुबोताने मला त्या घरात बसवलंय. प्रत्येक ठिकाणी एक माणूस लागतो, येणाऱ्यांच्या पुस्तिकेवर शिक्का मारायला. घरची बाई बसली की बरं दिसतं, म्हणाला. पहिला आठवडा मी गुपचूप शिक्के मारले. लोक काय काय विचारतात. एका मुलीने माझ्या गमबुटांचा फोटो काढला, रिकाम्या गमबुटांचा, मी बाजूला उभी असताना. एक माणूस म्हणाला, "आजी, इथे वेळ थांबलाय, नाही?" मी म्हटलं, "नाही, सव्वाअकरा झालेत."

दुसऱ्या आठवड्यात एक बाई आली, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीने फलक मोठ्याने वाचला. मग माझ्याकडे आली आणि बरोबर उजव्या कानाशी विचारलं, "आजी, तुमचे बाबा प्रेमळ होते?"

मी "नाही" म्हणाले.

तोंडातून गेलं. मग तिच्या आईने विचारलं, "म्हणजे?" आणि मी सांगितलं. बादलीपासून सगळं. ठरवलं नव्हतं. आवाज चढवला नाही, रडले नाही, लोणचं कसं घालायचं ते सांगतात तसं सांगितलं. चार-पाच लोक आणखी होते. सगळे दोरांपासून लांब सरकले, भिंतीला चिकटले. ते बघून मला, खरं सांगते, बरं वाटलं.

तेव्हापासून रोज सांगते. कुणी विचारलं तर. आणि आता विचारतातच.

परवा कुबोता आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"फुसाएताई, महोत्सवाच्या कचेरीतून फोन आला होता. एकाने तक्रार केलीय. सहलीला आलो होतो, मन खराब झालं म्हणून."

"माझंही झालं होतं."

"तसं नाही हो. गंमत करू नका. बस बंद झाली तर? लोक यायचे थांबले तर पुढच्या वर्षी काय? शिगेनोबाईचा मुलगा परत जाईल. खालच्या घरात ते नवीन जोडपं आलंय, तिचे दिवस भरत आलेत. सतरा वर्षांनी या वस्तीत मूल जन्माला येणार आहे, ताई."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"गप्प बसा एवढंच म्हणतोय. इतकी वर्षं बसलात ना."

"मी बसले. तुम्ही कुठे होतात इतकी वर्षं?"

तो टोपी गोल गोल फिरवत राहिला. मग म्हणाला, "ऐकू यायचं आम्हाला. सगळ्या वस्तीला यायचं. आमची आई खिडकी लावून घ्यायची आणि रेडिओ मोठा करायची. मी अकरा वर्षांचा होतो. अजून रेडिओ मोठ्याने लागला की मला घाम फुटतो."

मग तो पायरीवर बसला आणि मी त्याला चहा दिला. गप्प बसेन असं मी म्हणाले नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

हे तुला कळवते, कारण तू सल्लागार आहेस. सल्ला दे.

फुसाए


कामिनाता, ६ सप्टेंबर

कियोताका,

तुझा सल्ला आला नाही. फलक मात्र निघाला.

मिओला बातमी उशिरा लागली, ती तोक्योला गेली होती. परत आली ती बसमधून उतरून थेट माझ्याकडे, पिशवीसकट. माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. "मी तुमच्याच हातांनी ते दोर वळून घेतले," असं दहा वेळा म्हणाली. मी तिला रडू दिलं. मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस आहे. आणि रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि वही काढली.

"हे सगळं मी लिहून घेऊ का? यातून वेगळंच काहीतरी—"

"मिओ," मी म्हटलं, "वही आत ठेव, नाहीतर मी ती चुलीत घालीन."

तिने ठेवली. कान लाल झाले तिचे. ही माणसं अशीच असतात, बहुतेक. कुणाचं घर जळताना दिसलं तर आधी रंग बघतील. पण ती बादली उचलायलाही येईल, असं मला वाटतं. म्हणून मी तिला अजून लोणचं वाढते.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "दोर काढून टाकू? सगळे. आज रात्री एकटी काढते."

"दोर राहू दे. दोर खरे आहेत. शब्द काढ."

"तुमच्या भावाची परवानगी लागेल. करारात आहे."

"मग राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिक्के मारायला गेले तर भिंतीवर चार खिळे आणि फलकाएवढा पांढरा चौकोन. मिओने रात्रीतच तो उतरवला होता. फलक माझ्या कोठीत बियाणांच्या डब्यांमागे उभा आहे. खटला भरायचा असेल तर माझ्यावर भर, चोरीचा माल माझ्याकडे सापडेल.

लोक यायचे थांबले नाहीत. वाढलेही नाहीत फार, तुला काळजी नको. काही जण अर्ध्यातून उठून जातात. एक म्हातारा माझं ऐकून उभ्या उभ्या म्हणाला, "त्या काळी सगळेच बाप मारायचे." मी म्हटलं, "हो. म्हणूनच सांगतेय." दोन बायका पुन्हा आल्या, या वेळी आपापल्या आयांना घेऊन. त्या चौघी दोरांच्या मधोमध बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर पडताना त्यातल्या एका आईने माझा हात धरला, घट्ट, आणि सोडला.

आणि कानाचं सांगायचं राहिलं. गालगुंड नव्हतं. दहनाच्या दिवशी तू डाव्या बाजूने काहीतरी विचारलंस, मला ऐकू आलं नाही, तेव्हा तुलाही मी गालगुंडच सांगितलं होतं. तू मान हलवलीस. तुला पटलं की पटवून घेतलंस, कोण जाणे.

तू गेलास त्या सकाळचं आहे ते. तू सतरा, मी चौदा. फेब्रुवारी. उजाडल्यावर बाबांनी तुझं अंथरूण बघितलं. मला उभं केलं आणि विचारलं, कुठल्या वाटेने गेला. मी म्हटलं, मला काय माहीत, मी झोपले होते. पुढचं तुला सांगायला नको. पाच-सहा दिवस कानातून पाणी आलं, मग थांबलं, आणि आवाजही थांबले.

एवढं मी त्या घरात कुणाला सांगत नाही. ते लोकांसाठी नाही.

फुसाए


कामिनाता, २४ सप्टेंबर

दादा,

काल तू येऊन गेलास. न सांगता. टोपी, तोंडाला पट्टी, हातात पुस्तिका. मी तुझ्या पुस्तिकेवर शिक्का मारला आणि तुला ओळखलं नाही. "आत चपला काढून जा," असंही म्हणाले. माझ्या डोक्यात तू अजून काळ्या सुटात होतास. इतका वाळला असशील असं वाटलं नव्हतं.

शेवटचा रविवार, वीसेक माणसं होती. एकाने विचारलं आणि मी रोजच्यासारखं सुरू केलं. आई गेली तिथपर्यंत आले. म्हटलं, "मग मोठा भाऊ घर सोडून गेला." तेव्हा दोरांच्या आतून आवाज आला, "तो भाऊ मी."

तू बाहेर आलास, दोर खांद्यावर अडकलेला. पट्टी खाली केलीस. मला वाटलं, आता खिशातून कागद निघणार. मनात म्हटलं, वाच, वाच, अनेक चेहरे आणि व्यापक हित. पण हात रिकामे होते. तू म्हणालास, "ती सांगते ते खरं आहे. भिंतीवर जे लिहिलं होतं ते मी लिहिलं होतं. ते खोटं होतं." मग म्हणालास, "मी गेलो त्या पहाटे ती माझ्या शेजारी झोपली होती. मी तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर बरोबर न्यावं लागलं असतं."

एका मूर्खाने तेवढ्यात तुझा फोटो काढला. मिओने त्याचा कॅमेरा हातानेच खाली केला, ते मी पाहिलं.

तू माझ्याकडे बघत होतास. मी काय करायला हवं होतं, तुझ्या गळ्यात पडायला हवं होतं? पुढे आणखी सहा जण पुस्तिका घेऊन उभे होते. मी शिक्के मारले. मान वर केली तेव्हा तू नव्हतास. शिगेनो सांगते, तू शाळेत जेवलास, दोन वेळा भात घेतलास आणि कुणाशी बोलला नाहीस. जाताना कुबोता तुझ्याबरोबर थांब्यापर्यंत चालला. तोही काही सांगत नाही. मग चारची बस. तुला दुसरी बस कधी सापडतच नाही.

आज आम्ही दोर उतरवतोय. मिओ म्हणाली, पुढच्या वर्षी ते घर रिकामं ठेवू, काहीही न लावता, आणि तुम्ही बसाल का. मी म्हटलं, बघू. नवीन जोडप्याला मुलगी झाली, मंगळवारी. सगळी वस्ती बघून आली. डोकं भोपळ्याएवढं आहे.

आता मुद्दा. हे पत्र एवढ्यासाठीच. मुख्य सल्लागार, काल तुम्ही जे निवेदन केलंत, त्यात एक चूक आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुला मोकळं करायला सांगत नाही, तो माझा धंदा नाही. चूक आहे म्हणून सांगते.

मी झोपले नव्हते.

तू उठलास तेव्हाच मी जागी झाले. तू सदरा घातलास, भाताचा गोळा फडक्यात बांधलास, माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मी डोळे मिटून होते. हाक मारली असती तर तू थांबला असतास, हे मला माहीत होतं. म्हणून मारली नाही. मग बाहेरचं दार बर्फाने अडकलं. तू ते उचलून सरकवत होतास आणि ते कण्हत होतं, आणि पलीकडे बाबांनी कूस बदलली. तेव्हा मी खोकायला लागले. जोरात, थांबतच नव्हते. ते ओरडले, गप्प पड. मी आणखी खोकले. तोवर तू अंगणात होतास. बर्फावर वाजणाऱ्या पावलांवरून कळलं, तू वरच्या वाटेने, खिंडीकडे निघाला होतास. बर्फ पडत होता, उजाडेपर्यंत खुणा बुजल्या.

मागच्या पत्रात लिहिलं, बाबांनी विचारल्यावर मी 'माहीत नाही' म्हणाले. तसं नाही. मी म्हणाले, खालच्या वाटेने, बसथांब्याकडे. ते तिकडे गेले. थांब्यापर्यंत, आणि तिथून पुढच्या गावापर्यंत, गुडघाभर बर्फातून. परत यायला त्यांना दोन तास लागले; कानाचं झालं ते त्यानंतर. त्या दोन तासांत खिंडीपलीकडून तुझी आगगाडी सुटली असणार.

फुसाए